टिक्याच्या दुकानातला कान

३ फेब्रुवारी, सोमवार

करारनामा! माझ्या टेबलावर! सकाळी चष्मा चाचपायला गेलो तर हाताला हाच लागला. चांगला जाडजूड. वर लेकीच्या अक्षरात पिवळी चिठ्ठी — "बाबा, वाचा. नुसतं चाळू नका."

वाचला. काय ती भाषा! ‘सदर यंत्रणा’, ‘उपरोक्त ग्राहक’, ‘तत्सम अन्य कारणास्तव उद्भवणारे नुकसान’. शाळेत मास्तर टेबलावर बोटांनी ठेका धरून कविता म्हणून घ्यायचे. त्यातली ओळ न् ओळ मला आजही येते. आणि इथे एक वाक्य संपेपर्यंत त्याचा कर्ता कोण होता तेच आठवेना. बहुधा वाटेतच वारला असावा.

सगळं आयुष्य लोकांच्या दुकानांना नि घरांना चोर-अलार्म बसवण्यात गेलं. कुणाला कागद दिला नाही, कुणाकडून घेतला नाही. दाराला सेन्सर, भिंतीवर सायरन, आतल्या खोलीत पॅनल. मालकाला बटणं समजावायची, पुढे आलेला चहा प्यायचा आणि निघताना म्हणायचं, "काळजी करू नका, मी आहे ना." झाला करार! एका ओळीचा. चालीवरसुद्धा म्हणता येतो.

लेकीचा करारनामा चालीवर बसवून पाहिला —

वीज गेली — आम्ही नाही,
उंदिर आला — आम्ही नाही,
खुद्द चोरटा घरात शिरला —
तेव्हाही पण आम्ही नाही!

जेवताना म्हणून दाखवली. लेक मनापासून हसली. मग म्हणाली, "छान जमलीय. आता सही करा."

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा तेच. गुडघ्यांनी शिड्या चढायला नकार दिल्यापासून ऑफिस लेकीकडे आहे. मी आपला खिडकीशी बसून सल्ले देतो. ते ती घेत नाही.

"बाबा, आपण चोरी होऊ देणार नाही असं वचन देतो का?"

"छे! वाजवायचं काम आपलं."

"मग हे कुठे लिहिलंय?"

"माझ्या चेहऱ्यावर!"

"तुमचा चेहरा कोर्टात फाईलला लावता येणार नाही."

जिभेला धार आहे. आईवर गेलीय.

तिचं म्हणणं असं की काय बसवलं, कोण तपासणार, वाजल्यावर फोन कुणाला जाणार, नुकसान झालं तर आपण कुठपर्यंत बांधील — सगळं आधी लिहून दोघांनी सही करायची. मी म्हटलं, लग्नात तरी एवढं कोण विचारतं? "म्हणूनच!" म्हणाली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नवीन अलार्म. मला वाटलं होतं, करारनामा बघून हे सद्गृहस्थ पळ काढतील. लेकीबरोबर मुद्दाम गेलो, तिची फजिती बघायला. डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं, दोन प्रश्न विचारले, सही केली. म्हणाले, "अहो, मी दाढ उपटायच्या आधी पेशंटची सही घेतो. तुमच्या हाती तर मी अख्खं दार सोपवतोय!"

लेक परतीच्या वाटेवर खुशीत होती. नुसती गुणगुणत होती. माझीच चाल!

१० फेब्रुवारी, सोमवार

टिक्याच्या दुकानात चोरी झाली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काल हात चालला नाही. आज लिहितो.

टिक्या म्हणजे माझा बाकावरचा सोबती. घड्याळवाल्याचा मुलगा, म्हणून वर्गाने त्याला टिक्या केलं. मी कविता करायचो, म्हणून मला कवड्या. म्हातारे झालो तरी बारसं बदललं नाही. त्याच्या बापाचं दुकान तो चालवतो. माझ्या धंद्यातला पहिला अलार्म मी त्याच्या दुकानात बसवला आणि पुढे जे जे नवीन निघालं ते आधी तिथेच लावून पाहिलं. कागद? त्याच्याशी? सख्ख्या भावाकडून कुणी पावती घेतं का!

चोर आत शिरलेच नाहीत. रस्त्याकडची शोकेसची काच फोडली, बाहेरूनच हात घातला, भारी भारी मनगटी घड्याळं उचलली आणि चालते झाले. दार उघडलं नाही, म्हणून दाराचा सेन्सर गप्प. आत कुणी हललं नाही, म्हणून हालचाल टिपणारा गप्प. चोर शिकलेले असावेत. निदान टिक्याच्या मुलापेक्षा नक्कीच.

राहिला ‘कान’. काच फुटल्याचा आवाज ऐकून बोंब मारणारं एक पांढरं डबडं असतं, त्याला आम्ही कान म्हणतो. शोकेसवर तो मीच लावला होता. तो मात्र वाजायला हवा होता. वाजला नाही, कारण तो बंद होता.

बंद का? तर त्या दुकानात भिंतभर टोल्यांची घड्याळं. दुपारी बारा वाजले की सगळी मिळून ठणाणा करतात. त्यातल्या दोन-तीन जुन्या घंटा इतक्या किरट्या की कानाला वाटायचं, फुटली काच! मग माझा सायरन, त्यांचे टोले, गिऱ्हाईक रस्त्यावर. रोज! ऑक्टोबरात मला बोलावणं आलं. मी म्हटलं, कान जरा लांब सरकवू, नाहीतर दुसऱ्या जातीचा मागवू. टिक्या म्हणाला, "बंदच कर ते." मी बंद केला. त्याचं दुकान, त्याची काच, त्याची घड्याळं. माझं काय जातं?

आज टिक्याचा मुलगा फोनवर म्हणतो, "काका, बाबा तर म्हणतात, त्यांनी असं काही सांगितलंच नाही!"

वा! घड्याळं चोरीला गेली, त्याबरोबर आठवणही नेलेली दिसते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लेक रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. शांतपणे विचारलं, "बंद केल्याचं कुठे काही लिहिलंत? वहीत, पाटीवर, काडेपेटीवर?"

नाही.

"वायरमनकाका होते बरोबर?"

नव्हता. बटण बंद करायला कशाला हवा वायरमन?

"तुम्ही रोजनिशी लिहिता ना? त्या दिवशीचं पान बघा."

पाहिलं. ऑक्टोबरातलं पान मिळालं. त्यावर टिक्याच्या दुकानातल्या बाराच्या ठोक्यांवर चार कडवी आहेत. ‘काळाच्या कंठातून फुटले सोनेरी हुंदके’ वगैरे. बरी साधलीत. कान बंद केल्याचा उल्लेख नाही. मी रोजनिशीत धंदा लिहीत नसे. पान विटाळायचं कशाला?

लेकीने चारही कडवी वाचली. म्हणाली, "हुंदके आवडले." आणि दार लोटून गेली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आजपासून रोजनिशीत धंदाही लिहायचा. हुंदके बंद.

१७ फेब्रुवारी, सोमवार

विमा कंपनीचा माणूस आला. सडपातळ, गोड बोलणारा, एवढी मोठी बॅग. टिक्याच्या मालाचा विमा यांच्याकडे. चहा नको म्हणाला — तेव्हाच मी ओळखलं, कामाचा माणूस नव्हे.

"आजोबा, प्रश्न सोपा आहे. सेन्सर मालकाने बंद करायला लावला असेल, तर आमची कंपनी त्यांना काही देणार नाही. तुम्ही आपल्या मनाने केला असेल, तर आम्ही त्यांना भरपाई देऊ — आणि ती नंतर तुमच्याकडून वसूल करू."

"आणि आमची चूक नसेल तर?"

"तुमच्या करारात काय आहे?"

लेक माझ्याकडे बघेना. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. समोरच्या गच्चीवर कुणाचा तरी टॉवेल फार देखणा हलत होता.

तो गेल्यावर लेक म्हणाली, "बाबा, नीट ऐका. एक ओळ असती ना कागदावर — कुठलाही बदल ग्राहकाच्या लेखी सूचनेवरूनच — तर टिक्याकाकांनी तेव्हा सही केली असती किंवा कान चालू ठेवला असता. दोन्हीत भांडण नव्हतं. आता त्यांचा शब्द आणि तुमचा शब्द. आणि आपण कुठपर्यंत बांधील तेही कुठे नाही. म्हणजे सगळंच आपल्या अंगावर. ऑफिस जाईल. कदाचित हे घरही."

"असं कसं जाईल? मी काही चोरी केली नाही!"

"चोर पळाला, बाबा. पत्ता तुमचाच माहीत आहे सगळ्यांना."

१९ फेब्रुवारी, बुधवार

टिक्याकडे गेलो. शोकेसला प्लायवूड ठोकलंय. दुकानात अंधार आणि अंधारात सगळी घड्याळं बोलताहेत. लहानपणी शाळा सुटल्यावर इथे येऊन बसायचो. त्याचा बाप चाव्या द्यायचा आणि आम्ही टिकटिकीच्या ठेक्यावर कविता म्हणायचो. मला वाटलं, आत पाऊल टाकलं की सगळं विरघळेल.

कसलं काय!

"कवड्या, मी तुला म्हणालो बंद कर म्हणून?"

"म्हणालास! इथे, गल्ल्यावर बसून!"

"शपथेवर सांगतो, नाही म्हणालो. भोंगा वाजायचा थांबला, घरी म्हणाले दुरुस्त झालं, मला वाटलं केलंस तू दुरुस्त."

"दुरुस्त केलं असतं तर बिल नसतं पाठवलं?"

"तू कधी कुणाला बिल पाठवलंयस लेका?"

यावर मुलगा हसला. मला ते आवडलं नाही.

"टिक्या, तुझा विसरभोळेपणा लहानपणापासूनचा. कविता म्हणताना तिसऱ्या कडव्याला तुझी गाडी अडायची. मी मागून सांगायचो."

"आणि तू मागून सांगायचास ते चुकीचं असायचं! छड्या मी खायचो!"

वहिनींनी चहा आणून ठेवला. लगेच आत गेल्या. चहात साखर नव्हती. त्यांना काय, नवऱ्याचीच बाजू घेणार! अशी आगळीक त्या घरात माझ्याशी कधी झाली नव्हती. तसाच कडू पिऊन उठलो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तिसऱ्या कडव्याला अडायचा. नक्की अडायचा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

वकिलाची नोटीस! टिक्याकडून! म्हणजे मुलाने धाडली असणार, पण खाली सही टिक्याची. तीच, शेपटीला वळण देणारी. शाळेत माझ्या वहीवर तो हीच सही गिरवायचा, मोठेपणी लागेल म्हणून. लागली.

नोटिशीत मला ‘निष्काळजी इसम’ म्हटलंय. इसम! साठ-पासष्ट वर्षांच्या दोस्तीनंतर मी इसम झालो. करारनाम्यातला ‘उपरोक्त ग्राहक’ यापेक्षा किती प्रेमळ वाटतो.

लेकीने नोटीस वाचली, घडी घातली, आणि तडक जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावायला बसली. एकेकाकडे जाऊन करार करून घेणार. ऐकू येत होतं — "नाही काका, विश्वास आहेच. विश्वास आहे म्हणूनच लिहून ठेवू. तुम्हाला आठवायला नको, मला आठवायला नको."

चांगलं बोलते. मी तिला अशी कविता शिकवली असती तर!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

विमा कंपनीला लेखी जबाब हवा होता. लेक म्हणाली, "मी लिहून देते, तुम्ही सांगा." छे! माझा जबाब मी लिहिणार. मास्तर म्हणायचे, निबंध असा लिहावा की वाचणाऱ्याला तिथे उभं असल्यासारखं वाटलं पाहिजे.

लिहिला. दुपारची वेळ. भिंतीवर लंबक हलताहेत. टिक्या गल्ल्यावर, उजव्या डोळ्याला भिंग लावून, पुढ्यात उघडं घड्याळ. बाराचे टोले पडतात, सायरन कोकलतो, एक गिऱ्हाईक छत्री टाकून पळतं. टिक्या भिंग न काढताच मान वर करतो आणि कंटाळून म्हणतो, ‘बंदच कर ते.’ मी दुसरे उपाय सुचवतो. तो हात झटकतो. मी बंद करतो.

स्वच्छ अक्षर, एक खाडाखोड नाही. शेवटी वाक्य घातलं — ‘वरील प्रसंग मला कालच्यासारखा आठवतो.’

लेकीने दोनदा वाचला. "बाबा, नक्की ना?"

"मला अख्खं पाठ्यपुस्तक पाठ आहे!"

"ते छापलेलं होतं, बाबा. हे नक्की ना?"

"नक्की म्हणजे? भिंगसुद्धा दिसतंय मला!"

सही केली. तिने पाकिटात घातला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विमावाल्याचा फोन. जबाब फार उपयोगी पडला म्हणाला. "इतका तपशीलवार जबाब आम्हाला क्वचित मिळतो, आजोबा." म्हटलं, मराठीत पहिला यायचो मी. "दिसतंच," म्हणाला. चला, रसिक निघाला!

१ मार्च, शनिवार

लेकीच्या करारनाम्यातलं ‘तत्सम अन्य कारणास्तव’ मी खोडून ‘अशा दुसऱ्या कारणांमुळे’ केलं. कर्ताही वाक्याच्या सुरुवातीला आणून बसवला, जिवंत. ती म्हणाली, आता कळतं. म्हणजे आजवर तिलाही कळत नव्हतं!

सत्तावीस... नाही, किती करार झाले ते तिलाच ठाऊक. एकाही गिऱ्हाइकाने खळखळ केली नाही. एक म्हातारे तर म्हणाले, "बरं झालं, तुमच्या वडिलांनी काय काय बसवलंय ते मला पहिल्यांदाच कळलं." म्हणजे मी इतकी वर्षं जे तासन् तास समजावलं ते कुणाला समजावलं? चहाच्या कपाला?

४ मार्च, मंगळवार

निकाल लागला. टिक्याला विमा नाकारला. ‘मालकाच्या सूचनेवरून संरक्षण बंद केल्याने’ — माझंच वाक्य, फक्त जीव काढून घेतलेलं. आमच्यावर काही नाही. ऑफिस राहिलं, घर राहिलं.

लेकीने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडली. इतके दिवस ती रडली नव्हती, हे मला आज कळलं. फोनवर किती खणखणीत बोलायची!

ऐकलं ते असं — टिक्या दुकान विकतोय. शोकेसमधला माल त्याचा नव्हताच, कंपन्यांनी विकायला ठेवलेला. तो भरून द्यायचा म्हणजे दुसरा इलाज नाही. मुलगा म्हणे गिऱ्हाईक शोधतोय. भिंतीवरची घड्याळं भंगारात देणार नाहीत एवढीच आशा.

वाईट वाटतं. का नाही वाटणार? पण खरं बोलला असता तर ही वेळ आली नसती. नुसतं ‘हो, म्हणालो होतो’ एवढं म्हटलं असतं, तर मी त्याच्यासाठी विमावाल्याच्या पाया पडलो असतो. खोटं बोलून माझं घर घालवायला निघाला होता! मी आपला खरं तेवढं बोललो. खऱ्याची किंमत कुणीतरी भरतंच, मी काय करू?

संध्याकाळी त्याच्या गल्लीवरून गेलो. आत नाही गेलो.

६ मार्च, गुरुवार

वहिनी आल्या होत्या. एकट्याच. बसा म्हटलं, बसल्या नाहीत.

"भावजी, ऑक्टोबरात हे दुकानात नव्हतेच. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पट्टी होती, घरी पडून होते. गल्ल्यावर मी बसायचे. ते बंद करा म्हणून मीच म्हणाले तुम्हाला. यांना सांगितलं, दुरुस्त झालं — उगाच काळजी नको डोळ्याला. ते नेमकं कधी बंद झालं हे यांना आजही ठाऊक नाही. चोरी झाल्यावर मुलाचा आवाज एवढा चढला घरात, की माझं तोंडच उघडेना. वाटलं, भावजी सांगतील. त्यांना सगळं आठवतं."

त्या गेल्यावर डोळे मिटून बसलो. लंबक दिसले. गल्ला दिसला. गल्ल्यावर विणकामाच्या सुया होत्या, अर्धवट विणलेली बाही होती. भिंग कुठेच नव्हतं.

लेकीकडे कोरा कागद मागितला.

"आता कशाला, बाबा? संपलं ना सगळं?"

"बस. सांगतो."